भुईगावचा दगड आणि इतर टिपणे

1956 साली वसई तालुक्यातल्या भुईगावात कोरीव अक्षरांचा एक दगडी तुकडा सापडला. तो सम्राट अशोकाच्या नवव्या शिलालेखाचा भाग निघाला. आठव्या लेखाचा तुकडा त्याच्या कितीतरी आधी, 1882 साली, पंडित भगवानलाल इंद्रजींना सोपाऱ्यात मिळाला होता. त्याच साली त्यांनी बुरुड राजाच्या कोटातला स्तूपही उकरून काढला. भुईगावचा तुकडा आता मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. आमच्या मुलांनी तो बघितलेला नसतो, कारण तो आपल्या तालुक्यातला आहे हेच त्यांना कोणी सांगत नाही.

नववा लेख मंगलकार्यांविषयी आहे. दुखण्याखुपण्यात, मुलामुलींच्या लग्नात, मूल झाल्यावर, प्रवासाला निघताना लोक नाना विधी करतात. करावेत, पण त्यांचे फळ थोडे, असे राजा सांगतो. मोठ्या फळाचे मंगलकार्य कोणते, तर दासांशी आणि चाकरांशी नीट वागणे, वडीलधाऱ्यांचा मान राखणे, प्राण्यांच्या बाबतीत संयम पाळणे, श्रमण-ब्राह्मणांना दान देणे. या यादीत दास आणि चाकर पहिले येतात. देणग्या शेवटी.

पण राजाने दासपण मोडले नाही, हेही त्याच दगडावरून कळते. दासाशी बरे वागा म्हणाला, दासाला सोडा म्हणाला नाही. चांगुलपणा आणि न्याय यांच्यामधले अंतर एवढेच आहे, आणि ते कापायला आमच्या मुलखाला बावीसशे वर्षे लागली. अजूनही सगळे कापून झालेले नाही.

*

अशोकाच्या यादीत लग्न आहे आणि दासही आहे. ठाणे-पालघरच्या आदिवासी पट्ट्यात या दोन गोष्टी एकाच माणसाच्या आयुष्यात येत. लग्नाला पैसे नसत. जमीनदाराकडून किंवा सावकाराकडून उचलायचे आणि फिटेपर्यंत त्याच्याकडे राबायचे. अशा माणसाला लग्नगडी म्हणत. नवऱ्याबरोबर बायकोही राबे. किती फिटले आणि किती राहिले ते मालकाच्या वहीत लिहिलेले, आणि वही वाचता येणारा मालक एकटाच. कर्ज बापाकडून मुलाकडे वारशाने जायचे.

वारल्यांच्या लढ्यावरच्या गोदावरी परुळेकरांच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकाला 1972 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, म्हणून पुष्कळांना ते नावाने माहीत असते. वाचावे ते लग्नगड्यांच्या सुटकेसाठी. 23 मे 1945 रोजी तलासरीजवळच्या झरी गावात हजारो वारली जमले आणि यापुढे वेठ करायची नाही असे त्यांनी ठरवले. पुढे मजुरीची मागणी आली: 500 पौंड गवत कापायला अडीच रुपये. त्याच वर्षी 10 ऑक्टोबरला तलवाड्याला जमलेल्या लोकांवर गोळीबार झाला. पाच जण मेले.

मागणी केवढी होती ते बघावे. जमीन मागितली नव्हती, सत्ता मागितली नव्हती. गवताचा भाव आणि नाही म्हणण्याची मोकळीक, एवढेच.

*

हे तलासरी-डहाणूकडचे, आणि तेही इंग्रजांच्या काळातले, असे आम्हा वसईकरांना वाटते. वाटणे सोयीचे आहे. स्वातंत्र्यानंतर तीस-पस्तीस वर्षांनीही वसई तालुक्याच्या पूर्वेकडच्या गावांत वेठबिगार होते. वेठबिगारी बंदीचा वटहुकूम 1975 चा, कायदा 1976 चा. विवेक आणि विद्युल्लता पंडित यांनी 1979 मध्ये विधायक संसद सुरू केली. दहिसर नावाच्या गावात (मुंबईचे दहिसर वेगळे) त्यांना जे दिसले त्यातून 1982 मध्ये श्रमजीवी संघटना उभी राहिली. उसगावात त्यांचे केंद्र आहे. गुलामगिरीविरुद्ध 1839 पासून काम करणाऱ्या लंडनच्या संस्थेने 1999 चा पुरस्कार या दोघांना दिला. विवेक पंडित 2009 मध्ये वसईचे आमदार झाले. त्यांच्या राजकारणाबद्दल इथे दहा जणांची दहा मते आहेत आणि ती असू द्यावीत. वेठ सुटलेल्या माणसाला ती मते विचारायची गरज पडत नाही.

मला त्या कामातला एक प्रश्न सर्वांत मोठा वाटतो. आज सुटका झाली, उद्या सकाळी चूल कशाने पेटवायची? मालकाने दिलेले तांदूळ बंद झाले की त्याच मालकाच्या दारात परत जाणे भाग पडते. म्हणून सुटकेच्या कागदाइतकेच रोजगार हमीच्या कामाचे महत्त्व होते. महाराष्ट्राचा रोजगार हमीचा कायदा 1977 साली मंजूर झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून लागू झाला. वि. स. पागे यांनी ही कल्पना विसापूरला आधी छोट्या प्रमाणावर करून पाहिली होती. मातीकामाचा तो रोज मिळत असेल तरच माणसाला मालकाच्या तोंडावर नाही म्हणता येते. स्वातंत्र्य आणि खडी फोडण्याचे काम यांचा संबंध आमच्या पुस्तकांत कधी शिकवला गेला नाही.

*

संविधानाचे 23 वे कलम वेठबिगारी आणि सक्तीची मजुरी यांना मनाई करते. सक्ती म्हणजे काय, हा प्रश्न 1982 साली सर्वोच्च न्यायालयापुढे आला तो दिल्लीतल्या एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या निमित्ताने. मजूर तर आपल्या पायांनी आले होते, कोणी बांधून आणले नव्हते. न्या. भगवतींच्या निकालाने सांगितले की भूकही सक्ती करते. दुसरा मार्ग नाही म्हणून जो माणूस किमान वेतनापेक्षा कमी पैशांत काम पत्करतो, त्याची मजुरी सक्तीचीच.

हा निकाल वाचल्यावर 'त्यांनी आपल्या मर्जीने केले' हे वाक्य इतके सहज बोलवत नाही.

*

कामणच्या बाजूला एक वीटभट्टी. फेब्रुवारीची सकाळ, ऊन अजून चढलेले नाही. नवरा गारा करतो आहे, बायको उकिडवी बसून साच्यात माती दाबते, हाताच्या कडेने वरची माती सारखी करते आणि साचा उलटा करून उचलते. ओली वीट जमिनीवर राहते. पुन्हा माती, पुन्हा साचा. सात-आठ वर्षांची मुलगी मागच्या रांगेतल्या अर्धवट वाळलेल्या विटा कडेवर उभ्या करत जाते. तिच्या हाताला ते इतके सवयीचे झाले आहे की ती आमच्याकडे बघत बघत विटा उभ्या करत होती.

ही कातकरी कुटुंबे. पावसात घरात काही नसते, तेव्हा बयाणा घेतलेला असतो. दिवाळी झाली की भट्टीवर यायचे, पावसाच्या तोंडावर परत जायचे. मजुरी हजार विटांमागे. दर आठवड्याला खर्ची मिळते, तेवढ्यात तांदूळ, तेल, मिरची भागवायची. हिशेब शेवटी होतो. बयाणा आणि खर्ची वजा जाऊन काही उरले तर हातात, आणि आपल्याकडेच निघाले तर पुढल्या वर्षी पुन्हा इथेच. मी बाईला विचारले, यंदा किती विटा झाल्या? तिने मुकादमाकडे बोट केले. त्यांना ठाऊक, म्हणाली.

सर्व भट्ट्या अशाच असे मी म्हणत नाही. चोख हिशेब देणारे मालक आहेत, काहींनी मुलांना शाळेत पोचवायची सोय केली आहे. पण आपल्या कामाचा आकडा आपल्याला सांगता येत नसेल, तर त्याला मी मोकळी मजुरी म्हणणार नाही.

*

2022 मध्ये इगतपुरी तालुक्यातली कातकरी मुले थोड्या पैशांसाठी मेंढपाळांकडे राबायला दिली गेल्याचे उघडकीस आले. त्यातली एक मुलगी मरण पावली, म्हणून उघडकीस आले. मुंबईहून आगगाडीने तीन तासांवर.

*

विरार लोकलचा बायकांचा डबा. संध्याकाळी चर्चगेटहून निघालेली गाडी. उभी असलेली बाई बसलेलीला विचारते, "कुठे उतरणार?" "भाईंदर." "दिलीय कोणाला?" "हो, त्या निळ्या ड्रेसवाल्या ताईंना." मग ती पुढच्या बाकाकडे वळते. भाईंदर आले की बसलेली उठते आणि मधे चार जणी उभ्या असल्या तरी जिला शब्द दिला तिलाच जागा देते. जवळची मैत्रीण शेजारी उभी असली तरीही. नाव माहीत नाही, जात माहीत नाही, उद्या भेट होईल याची खात्री नाही. फक्त आधी विचारले होते. कुठेही न लिहिलेला हा नियम मी वर्षानुवर्षे पाळला जाताना पाहते आहे, आणि न्यायाची याहून स्वच्छ व्याख्या मला अजून कोणी दिलेली नाही.

त्याच डब्यात दुसरा एक नियम आहे. जवळच्या स्टेशनवर उतरणारीने विरार गाडीत चढायचे नाही. चढली तर दारातच टोमणे, धक्के, आणि तिचे स्टेशन आले की मुद्दाम वाट न देणे. पोटुशी बाई असली तरी कधी कधी सुटका नाही. हा नियमही प्रवाशांनीच केला, हाही न लिहिलेला. त्यालाही कारण आहे, कारण विरारच्या बाईला दुसरी गाडी नाही.

मग फरक कशात? पहिल्या नियमात कोणीही बाई उद्या दुसरीच्या जागी असू शकते. आज उभी, उद्या बसलेली. दुसऱ्यात मात्र आत असलेल्यांनी बाहेरच्यांविरुद्ध हात मिळवले आहेत. गर्दीने एकमताने केले म्हणून ते न्याय्य होत नाही. गावकीचे, सोसायटीचे, जातीचे कितीतरी ठराव या दुसऱ्या प्रकारचे असतात आणि एकमताने झाले म्हणून मिरवले जातात.

*

पाचूबंदरच्या, अर्नाळ्याच्या कोळणी पाट्या घेऊन लगेजच्या डब्यात बसतात. वास येतो म्हणून बायकांच्या डब्यात त्या कोणाला नको असतात. त्यांची मासळी रविवारी सगळ्यांना हवी असते.

*

वसईच्या पश्चिमेला, वाड्यांच्या पट्ट्यात, बावखले होती. केळीच्या, फुलांच्या, पानवेलीच्या वाडीत खणलेले मोठे डबके म्हणा, लहान तळे म्हणा. पावसाचे पाणी त्यात साठायचे, आजूबाजूच्या विहिरींना गोडे पाणी टिकायचे, आणि वरून येणाऱ्या पाण्याला थांबायला जागा मिळायची. समुद्र इतका जवळ असून विहिरी खाऱ्या होत नव्हत्या त्याचे हे एक कारण.

बावखल खासगी मालकीचे. ज्याच्या वाडीत त्याचे. त्याने ते बुजवले आणि वर चाळ उठवली तर 'माझ्या जागेत मी काय वाटेल ते करीन' हे म्हणायला तो मोकळा. पण पाणी सातबारा बघून वाहत नाही. एकाने बुजवले की शेजाऱ्याच्या ओटीवर पाणी, दहांनी बुजवले की गावात. जुलै 2018 च्या पावसात नालासोपाऱ्याचे रूळ पाण्याखाली गेले, गाड्या थांबल्या, वस्त्यांत दिवसच्या दिवस वीज नव्हती. त्या वेळी सगळे महापालिकेच्या नावाने बोटे मोडत होते. महापालिकेचा दोष होताच, आणि मोठा होता. पण नाले अडवले कोणी, खाजणात भराव टाकला कोणी, बावखले विकली कोणी, हे विचारायला सुरुवात केली की बैठकीत आवाज खाली येतो, कारण उत्तरात सर्वांचे काका-मामा असतात.

ज्या स्वातंत्र्याची किंमत दुसरा भरतो त्याला माझ्या मते वेगळे नाव द्यायला हवे. अलीकडे काही तरुणांनी बावखले साफ करायला घेतली आहेत. त्यांच्याबद्दल मनात आदर आहे.

*

फादर फ्रान्सिस दिब्रिटो 25 जुलै 2024 रोजी गेले. नंदाखालचा हा मुलगा 1972 मध्ये धर्मगुरू झाला, 1983 पासून 2007 पर्यंत 'सुवार्ता' मासिकाचा संपादक राहिला. 'सुबोध बायबल' साठी साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. 2020 च्या जानेवारीत उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद. ही ओळख महाराष्ट्राला आहे.

वसईला आणखी एक ओळख आहे. 1988-89 चा काळ. जमिनीच्या भावाने माणसे वेडी झाली होती, कोणाला जमीन विकायची आणि कोणत्या भावाने ते दुसरेच ठरवत होते. 9 ऑक्टोबर 1989 रोजी नालासोपारा स्टेशनवर एका बांधकाम व्यावसायिकाला गोळ्या घालून मारले. खटला पुढे टाडाखाली चालला. लोक जे घरात दार लावून बोलत होते ते रस्त्यावर येऊन बोलण्याची त्या दिवसांत कोणाची छाती नव्हती. हरित वसई संरक्षण समिती उभी करून दिब्रिटो आणि त्यांचे सहकारी रस्त्यावर उतरले. पाण्यासाठी, वाड्यांसाठी, दहशतीविरुद्ध. मोर्च्यात कुपारी होते, वाडवळ होते, भंडारी, आगरी, कोळी होते, झग्यातला पाद्री पुढे आणि टोपीतले शेतकरी मागे. 1990 मध्ये सिडकोकडे या भागाचे नियोजन गेले आणि हा लढा कागदावरच्या हिरव्या-पिवळ्या रंगांचा झाला. हिरवा म्हणजे वाडी राहणार, पिवळा म्हणजे इमारत उठणार.

'पाद्र्याचे काम प्रार्थना करणे' असे त्यांना त्यांच्या माणसांनीही ऐकवले. संमेलनाध्यक्ष झाल्यावर दुसऱ्या बाजूने ऐकावे लागले: ख्रिस्ती धर्मगुरू कशाला? धमक्यांचे फोन आयोजकांना गेले. पाठीचे दुखणे घेऊन हा माणूस गेला आणि बसून बोलला. मराठी संतांवर त्यांनी आयुष्यभर जीव लावला होता, त्याचा पुरावा कोणापुढे मांडत बसायची गरज त्यांना वाटली नाही.

हरित वसई जिंकली का, असे मुले विचारतात. पश्चिमेला नंदाखाल, निर्मळ, भुईगाव, गास या बाजूला अजून वाड्या आहेत, पहाटेच्या गाडीने अजून फुलांच्या आणि पानांच्या करंड्या दादरला जातात. एवढे तरी त्या लढ्याच्या नावावर जमा करायला हरकत नाही. बाकी पुष्कळ गेले.

*

3 जुलै 2009. चार नगरपरिषदा आणि 53 ग्रामपंचायती मिळून वसई-विरार शहर महानगरपालिका झाली. गावे वगळा, म्हणून आंदोलन पेटले. 2011 मध्ये 29 गावे वगळण्याचा निर्णय झाला, तो न्यायालयात अडकला आणि वर्षानुवर्षे अडकूनच राहिला. मी कोणत्या बाजूची ते इथे मुद्द्याचे नाही. आपले गाव गाव राहावे की शहर व्हावे हे गावाला विचारावे, यात कोणती बाजू असते? ग्रामसभेचा ठराव आणि मंत्रालयातली अधिसूचना यांत वजन कोणाचे, हे आम्ही त्या वर्षांत शिकलो.

*

नालासोपारा पूर्वेला, अग्रवाल नगरीच्या बाजूला, सांडपाणी प्रकल्प आणि कचराभूमी यांसाठी राखलेल्या जमिनीवर 41 इमारती उभ्या राहिल्या. उच्च न्यायालयाने त्या पाडायला सांगितल्या. 2025 च्या फेब्रुवारीपर्यंत सगळ्या जमीनदोस्त झाल्या. सुमारे अडीच हजार कुटुंबे बाहेर. दहावीची परीक्षा तोंडावर होती.

निकाल कायद्याला धरून आहे. जमीन सार्वजनिक कामाची होती, परवानगी नव्हती, मूळ मालकाची जमीन बळकावलेली होती. यात मला कुठेही चूक काढता येत नाही, आणि तरी त्या ढिगाऱ्याकडे पाहून न्याय झाला असे म्हणायला जीभ वळत नाही.

एका इमारतीच्या मागे किती हात असतात ते मोजा. जमीन बळकावणारा, खोटे कागद करणारा, वीटरेती पुरवणारा, वीजजोडणी देणारा, घरपट्टी लावणारा, बघून न बघितल्यासारखे करणारा, खोली विकून दलाली घेणारा. सर्वांत शेवटी येतो तो गावाकडची जमीन किंवा बायकोचे दागिने विकून खोली घेणारा. शिक्षा मात्र उलट्या क्रमाने सुरू होते. शेवटच्या माणसाचे घर पहिल्यांदा जाते आणि पहिल्या माणसापर्यंत शिक्षा पोचायला वर्षे लागतात.

"कागद बघून घ्यायला नको होते का?" असे पक्क्या इमारतीतली माणसे म्हणतात. कोणता कागद? घरपट्टीची पावती होती, विजेचे बिल होते, आधारकार्डावर तोच पत्ता होता. सरकारने तीन वेळा होय म्हटल्यावर चौथ्या वेळी नाही म्हटले, ते बुलडोझर आणून.

*

गणेश चतुर्थीच्या आदल्या रात्री, 26 ऑगस्ट 2025 ला, मध्यरात्रीच्या सुमारास विरार पूर्वेच्या विजयनगरमधली रमाबाई अपार्टमेंटची एक बाजू शेजारच्या चाळीवर कोसळली. 17 माणसे गेली. इमारत बेकायदा होती. चौदा वर्षांचीसुद्धा नव्हती.

पाडली तर अडीच हजार कुटुंबे रस्त्यावर, न पाडावी तर हे. म्हणून मला वाटते की बांधकामाच्या बाबतीत न्यायाची वेळ पायाचा खड्डा खणतानाची असते. त्यानंतर जे होते तो फक्त कमी-जास्त अन्याय.

*

सूर्या नदीवरचे धामणी धरण आदिवासींच्या शेतीसाठी बांधले. डहाणू, पालघर, विक्रमगड या तालुक्यांतली 14 हजार हेक्टरांहून अधिक जमीन भिजायची होती. धरणासाठी विस्थापित झाले ते आदिवासीच. मग शहरे वाढली. मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या योजनेतून दिवसाला 403 दशलक्ष लिटर पाणी शहरांना द्यायचे ठरले: 185 वसई-विरारला, 218 मीरा-भाईंदरला.

आमच्या नळाला आज जे पाणी येते त्यात ते आहे. टँकरच्या काळात नालासोपाऱ्याच्या बायकांनी काढलेल्या रात्री मी पाहिल्या आहेत, हंड्यावरून झालेली डोकेफोड पाहिली आहे. त्यांना पाणी नको असे मी कोणत्या तोंडाने म्हणू? पण विक्रमगडच्या बाईचा हंडा उन्हाळ्यात रिकामा असतो आणि ती धरणाच्या बाजूला राहते. तहानेला तहानेविरुद्ध उभे केले की दोघी एकमेकींकडे बघतात. वाटप करणाऱ्याकडे कोणी बघत नाही.

निदान एवढे व्हावे: हे पाणी कोणाचे होते ते शहराला ठाऊक असावे. वसई-विरारच्या प्रत्येक शाळेत धामणी धरणाची गोष्ट सांगितली जावी, आणि ज्यांच्या शेताचे पाणी आपण पितो त्यांच्या कालव्यांसाठी शहरांनी आपल्या अर्थसंकल्पातून पैसे द्यावेत. हे दान नव्हे, पाणीपट्टी आहे.

*

घरकाम करणाऱ्या बायका. दिवाळीला साडी देतो, आजारपणात औषध आणून देतो, मुलीच्या फीला हातभार लावतो, असे आम्ही एकमेकींना सांगतो. सगळे खरे आणि चांगले. पण आठवड्याची एक भरपगारी सुट्टी विचारली की चेहरे बदलतात. साडी माझ्या मर्जीने जाते, सुट्टी तिच्या हक्काने जाते, म्हणून साडी सोपी. महाराष्ट्राने 2008 मध्ये घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला, पण किती घरांनी आपल्या बाईची नोंदणी केली ते ज्याने त्याने पाहावे.

आणि तो वेगळा कप. अजून कितीतरी घरांत तो ओट्याच्या खालच्या फळीवर, मोरीच्या बाजूला आहे. काढून टाकावा. त्याला कायदा लागत नाही.

*

या सगळ्या नोंदींतून एकच कसोटी हाती लागते आणि ती मी माझ्यापुरती धरली आहे. समोरच्या माणसाला मला नाही म्हणता येते का? भट्टीवरच्या बाईला मुकादमाला, कामवालीला मालकिणीला, गावाला मंत्रालयाला, खोली घेणाऱ्याला दलालाला. नाही म्हटल्यावर त्याची चूल विझत नसेल, छप्पर जात नसेल, तर तिथे स्वातंत्र्य आहे. नसेल येत, तर मी कितीही चांगली वागत असले तरी माझा चांगुलपणा अशोकाच्या दगडापलीकडे गेलेला नाही.

*

वसई-विरार, वाडा, भिवंडीच्या वाचकांसाठी काही माहिती. भट्ट्या दिवाळीनंतर सुरू होतात, तेव्हा उपयोगी पडेल.

1976 च्या कायद्याप्रमाणे वेठीचे कर्ज फेडावे लागत नाही, ते रद्दच होते. वेठबिगार ठेवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि 2 हजार रुपयांपर्यंत दंड आहे. कायदा राबवण्याची जबाबदारी जिल्हाधिकाऱ्यांवर आहे आणि जिल्ह्याला व उपविभागाला दक्षता समिती असावी लागते. सुटका झालेल्यांसाठी केंद्राच्या 2016 च्या योजनेत पुरुषाला 1 लाख, स्त्री आणि बालकाला 2 लाख रुपयांची तरतूद आहे. सर्वांत महत्त्वाचे: एखाद्या मजुराने हे वेठीचे कर्ज आहे असे म्हटले, तर ते तसे नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर येते, मजुरावर नाही.

आपल्या घराजवळ भट्टी असेल तर एकदा जा. मुलांना शाळा आहे का बघा. बयाणा किती, विटा किती, याची नोंद मजुराच्या हातात असलेल्या वहीत आहे का विचारा. नसेल तर एक वही विकत घेऊन द्या, आकडे लिहायला शिकवा. संशय वाटला तर प्रांत कार्यालयात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.